किल्ली कुरिअरने येत नाही: बडोद्याहून स्टुटगार्टला जाताना घर कसं शोधायचं

मांजलपूरच्या एका भावाने विचारलंय की स्टुटगार्टजवळच्या कंपनीत डिझाइन इंजिनिअरची नोकरी लागलीये, जॉइनिंग दोन महिन्यांनी आहे, बायको आणि तीन वर्षांची मुलगी मागाहून येणार. ऑनलाइन ६२ चौरस मीटरचा फर्निश्ड फ्लॅट दिसला, महिना ६५० युरो, लाइट-पाणी सगळं धरून. मालक म्हणतो मी सध्या कामासाठी लंडनला असतो, एक महिन्याचं भाडं आणि डिपॉझिट पाठवा, मी किल्ली कुरिअर करतो, नाही आवडलं तर पैसे परत. त्याने पासपोर्टची कॉपी मागितली, ती देऊन झालीये. पैसे पाठवू का, तिकडे दलाली किती द्यावी लागते, आणि आपल्यासारखं व्हेज-नॉनव्हेज विचारतात का?

पैसे पाठवू नका. मालक परदेशात, किल्ली कुरिअरने आणि घर न बघता डिपॉझिट, हे तिन्ही एकत्र आलं की पुढे विचार करत बसायची गरजच नाही. मी बडोद्यातच एका इंजिनिअरिंग कंपनीत बाहेरदेशी जाणाऱ्या लोकांचं सगळं बघते, व्हिसापासून घरापर्यंत, आणि त्याआधी नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं तिकडेच राहिलेली आहे, त्यामुळे हे मेल मी इतके वाचलेत की आता पहिल्या दोन ओळीत कळतं. मालक कधी लंडनला असतो कधी ऑस्लोला, घर मुलीसाठी घेतलं होतं पण मुलगी परत आली, आधीच्या भाडेकरूने खूप त्रास दिला म्हणून आता मला पैशापेक्षा चांगला माणूस हवाय, असं सगळं गोड गोड लिहिलेलं असतं. नंतर एखाद्या मोठ्या बुकिंग कंपनीसारखं हुबेहूब पान पाठवतात आणि पैसे तिथे सेफ राहतील म्हणतात, ते पानही त्यांचंच असतं.

नुसता हिशोब करून बघा. स्टुटगार्टला मोकळ्या, म्हणजे फर्निचर नसलेल्या फ्लॅटची जाहिरातीतली भाडी सध्या मीटरला साधारण १५ युरोच्या आसपास किंवा वर आहेत, म्हणजे ६२ मीटरचे ९३० च्या पुढे, त्यात हीटिंग आणि मेंटेनन्स वेगळं, आणि फर्निश्ड असेल तर आणखी वर. ६५० मधे सगळं धरून कोणी देत असेल तर तो एक तर तुमचा सख्खा मामा आहे नाहीतर घरच अस्तित्वात नाहीये.

पासपोर्टच्या कॉपीचं काय? ती गेली ती गेली. त्या माणसाशी बोलणं बंद करा, पण मेल डिलीट करू नका, जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, साइटवर ती जाहिरात रिपोर्ट करा, आणि इकडे सरकारी सायबर क्राइम पोर्टलवर नोंद करून ठेवा म्हणजे उद्या तुमच्या पासपोर्टच्या नावाने दुसऱ्याला गंडवलं तर तुमच्याकडे तारखेचा कागद असेल. (पैसे गेले असते तर लगेच १९३० ला फोन करायचा असतो, ते वाचलं.) यापुढे घर बघायच्या आधी कोणालाच पासपोर्ट पाठवायचा नाही, आणि नंतर द्यावाच लागला तर कॉपीवर आडवं लिहायचं की कोणत्या घरासाठी, कोणत्या तारखेला.

आता मूळ गोष्ट. तुम्ही विचारलंय की हे घर घेऊ का, पण तुमची खरी अडचण वेगळीच आहे. तिकडच्या मालकाला तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा हव्या असतात आणि शुफाचा कागद हवा असतो. शुफा म्हणजे आपल्या सिबिलसारखी, उधारी वेळेवर फेडतो का त्याची नोंद ठेवणारी कंपनी, १९२७ पासूनची. नवीन माणसाची तिथे काहीच नोंद नसते, कारण तिथे बँक खातं नाही, फोनचं कनेक्शन नाही. बँक खात्याला बहुतेक ठिकाणी पत्ता लागतो. पत्ता नोंदवायला घर लागतं. आणि घराला परत शुफा. असा हा गोल फेरा आहे आणि तुम्ही बडोद्यात बसून जाहिराती बघत राहिलात तर या फेऱ्याच्या बाहेरच उभे राहून आत वाकून बघताय, आत शिरायची वाट त्या जाहिरातींमधे नाहीये.

म्हणून मी आमच्याकडच्या प्रत्येकाला सांगते की घर एक शोधायचं नाही, दोन शोधायची. पहिलं फक्त कागदांसाठी, दोन-तीन महिने पुरेल असं, छोटं, थोडं महाग असलं तरी चालेल. दुसरं खरं राहायचं, ते तिथे गेल्यावर, पगार सुरू झाल्यावर, स्वतः जिने चढून बघायचं. इथून शोधायचं ते फक्त पहिलं.

यात बरंच काही तुमच्या परिस्थितीवर आहे हे आधीच सांगते. कंपनीने गेस्ट हाउस किंवा रिलोकेशन एजंट दिला असेल तर माझं अर्धं उत्तर तुम्हाला लागूच नाही, म्हणून आज एचआरला साधा मेल टाका की पहिल्या तीन महिन्यांसाठी काही सोय आहे का, आणि नसेल तर तुम्ही माझ्या नावाने मालकाला एक पत्र द्याल का. पुष्कळ जण लाजेने विचारतच नाहीत. तुम्ही थोडंफार जर्मन बोलत असाल तर काम निम्मं होतं. नोकरीचा करार परमनंट आहे की ठरावीक मुदतीचा, यावरही मालकाचा चेहरा बदलतो. प्रोबेशन साधारण सहा महिने असतंच, त्याचं कोणी फार मनावर घेत नाही.

पहिल्या घराबद्दल एकच प्रश्न महत्त्वाचा आहे, तो म्हणजे तिथे अनमेल्डुंग होईल का. अनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असा कायदा आहे, आणि त्यासाठी घरमालकाने सही केलेला कागद लागतो की हो हा माणूस माझ्याकडे राहायला आलाय. हा कागद मालकाने देणं बंधनकारक आहे, पण सुट्टीसाठी भाड्याने देणारे, किंवा स्वतःच मालकाला न सांगता पोटभाडेकरू ठेवणारे लोक तो देत नाहीत, मेसेजमधे गुळमुळीत बोलतात, नंतर बघू म्हणतात. नंतर काही बघत नाहीत. बुकिंग करायच्या आधी लेखी हो घ्या. सर्व्हिस्ड अपार्टमेंट, ठरावीक मुदतीसाठी फर्निश्ड फ्लॅट देणाऱ्या साइट, आणि शेअर्ड फ्लॅटमधली एक खोली, हे तीन मार्ग मुख्य. शेअर्ड फ्लॅटला तिकडे वेगे म्हणतात आणि तिथे विद्यार्थीच राहतात असं काही नाही, पस्तिशीचे नोकरदारही राहतात. एकट्याने दोन-तीन महिने काढायला मला तरी वेगेतली खोली सगळ्यात बरी वाटते, कारण तिथले लोकच तुम्हाला कचऱ्याचे चार डबे कोणते आणि कुठल्या दिवशी कोणता बाहेर ठेवायचा ते शिकवतात.

अनमेल्डुंग झाली की बाकीची दारं उघडतात. टॅक्सचा अकरा आकडी नंबर काही आठवड्यांत पोस्टाने येतो, तो कंपनीला दिला नाही तर पगारातून सगळ्यात जड दराने टॅक्स कापतात (नंतर परत मिळतो, पण पहिल्याच महिन्यात डिपॉझिट भरायचंय आणि पगार अर्धा आला की माणूस हबकतो). आणि इथे एक अगदी बारीक गोष्ट, जी मी निघताना प्रत्येकाच्या हातावर लिहायची बाकी ठेवते. तिकडे पोस्टमन फ्लॅट नंबर बघत नाही, कारण बहुतेक बिल्डिंगमधे फ्लॅटला नंबरच नसतो. खाली पत्रपेट्यांची रांग असते, प्रत्येकीवर आडनाव, आणि तुमचं आडनाव तिथे नसेल तर पत्र परत जातं. बँकेचं कार्ड, त्याचा पिन, टॅक्सचा नंबर, हेल्थ इन्शुरन्सचं कार्ड, सगळं पोस्टाने येणार असतं. म्हणून खोलीत बॅग टाकली की पहिलं काम, एका पट्टीवर आडनाव ठळक लिहून मूळ नावाच्या खाली चिकटवायचं, करारावर जसं स्पेलिंग आहे तसंच. आमच्या एका मुलाने पासपोर्टवर आडनाव एक आणि पेटीवर दुसरं असं केलं आणि महिनाभर कार्डाची वाट बघत बसला.

आता दुसरं, खरं घर. इथे मालकाच्या डोक्यात काय चाललंय ते समजून घेतलं की बाकी आपोआप जमतं. आपल्याकडे कारेलीबागेत किंवा अलकापुरीत भाड्याने घर बघायला गेलात की मालक आधी विचारतो कुठले, आडनाव काय, फॅमिली आहे का, नॉनव्हेज करता का, आणि करार अकरा महिन्यांचा, म्हणजे नाही पटलं तर वर्षाच्या आत उठवता येतं. त्याला माणूस निवडायला फारसं टेन्शन नसतं कारण सुटकेची वाट त्याने ठेवलेली असते. जर्मनीत साधारणपणे करार बेमुदत असतो आणि मालकाला भाडेकरू काढणं फार अवघड असतं, स्वतःला राहायला हवंय असं किंवा कायद्यात बसणारं दुसरं कारण दाखवावं लागतं. त्यामुळे तो आत घेतानाच सगळी पारख करतो. तुम्ही काय खाता ते तो सहसा विचारत नाही, भाडं दर महिन्याला न चुकता येईल का आणि शेजारी तक्रार करतील का, एवढ्या दोन गोष्टी त्याला हव्या असतात. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच झालं. परकं नाव बघून उत्तरच न देणारे मालकही आहेत, २००६ चा भेदभावविरोधी कायदा असला तरी, आणि ते तुम्हाला सिद्ध करत बसता येणार नाही, म्हणून संख्या वाढवायची आणि पुढे जायचं.

फाइल आधी तयार हवी. एकच पीडीएफ, त्यात पहिल्या पानावर तुमच्याबद्दल पाच-सहा ओळी आणि फोटो, मग मालकाचा माहिती फॉर्म (तिकडे झेल्ब्स्टआउसकुन्फ्ट म्हणतात, नमुने सगळीकडे मिळतात), नोकरीचा करार किंवा कंपनीचं पत्र, मिळतील तेवढ्या स्लिपा, शुफा, आणि आधीच्या मालकाचं पत्र की भाडं थकलेलं नाही. हे शेवटचं इथूनच बनवून घ्या, तुमच्या मांजलपूरच्या घरमालकाकडून चार ओळींचं, जर्मन भाषांतरासकट. घर स्वतःचं असेल तर ज्या वेगेत राहाल तिथलं घ्या. सिबिलचा स्कोअर जोडायची गरज नाही, तिकडे त्याला कोणी ओळखत नाही. शुफाचा जो विकतचा कागद असतो तो साधारण ३० युरोला मिळतो आणि मालकाला दाखवायला तोच ठीक, फुकट मिळणारी डेटा कॉपी वेगळी असते, त्यात तुमची नको इतकी माहिती असते, ती स्वतःसाठी ठेवा. नवीन असल्यामुळे त्यात फार काही नसेल, पण कोरा कागदही चालतो, थकबाकी नाही एवढं दिसलं की बस.

मेसेज लिहिताना आपण फार नम्र आणि फार लांब लिहितो. डिअर सर, आय अॅम हायली इंटरेस्टेड, काइंडली कन्सिडर. चांगल्या घराला पहिल्याच दिवशी ढीगभर मेसेज येतात, मालक किंवा बऱ्याचदा मालकीणबाई संध्याकाळी चहा पीत वरचे काही उघडते आणि मग जाहिरातच बंद करते. जर्मनमधे, सहा ओळी: नाव, वय, कुठल्या कंपनीत काय काम, परमनंट, हातात येणारा पगार, कोण कोण राहणार, सिगारेट नाही, कुत्रा-मांजर नाही, कधीपासून, आणि घराबद्दलची एक गोष्ट जी जाहिरातीत वाचल्याशिवाय कळली नसती. हीच ओळ महत्त्वाची, म्हणजे मागच्या अंगणात मुलगी खेळू शकेल किंवा स्टेशन पायी जवळ आहे असं काहीतरी. अलर्ट लावून ठेवायचा आणि जाहिरात आल्यावर लगेच टाकायचा, रात्री निवांत बघू म्हटलं की संपलं. भाड्याचा एक अंदाज म्हणजे सगळं धरून भाडं हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या आत असावं, मालक हाच हिशोब मनातल्या मनात करतात, त्यामुळे पगार हातात २,८०० येणार असेल तर ९५० च्या वरच्या घरांना मेसेज करून वेळ घालवू नका.

घर बघायला जाल तेव्हा बऱ्याचदा जिन्यात दहा-पंधरा जण रांगेत उभे असतात, सगळ्यांच्या हातात फाइल. वेळेच्या पाच मिनिटं आधी पोचा, बूट काढू का असं विचारा, मुलीचा फोटो दाखवायला लागू नका. प्रश्न दोनच विचारा पण कामाचे, जसं हीटिंग गॅसवर आहे की कशावर, मागच्या वर्षी त्याचा खर्च किती आला. असा प्रश्न विचारणारा माणूस लांबचं बघतोय हे त्यांना कळतं. त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेल, घर आवडलं, फाइल जोडलीये. आपल्या लोकांचा यात हात कोणी धरणार नाही असा आणखी एक मार्ग आहे, जाणाऱ्या भाडेकरूची जागा घेणं. कोणी भारतीय कुटुंब दुसऱ्या शहरात चाललं की तो मालकाला स्वतःहून नाव सुचवतो, मालकाने मानलंच पाहिजे असं नाही, पण सुचवलेला माणूस रांगेत पुढे येतो. मराठी मंडळाचे, गुजराती समाजाचे ग्रुप असतात, बडोद्याचा माणूस दोन्हीकडे चालतो हा आपला फायदाच, आजच जॉइन व्हा.

कुठे शोधायचं? स्टुटगार्ट शहर वाटीसारख्या खोलगट जागेत आहे आणि आत जागा कमी, भाडी जास्त. कंपनी ज्या एस-बानच्या (म्हणजे तिकडच्या लोकल ट्रेनच्या) लाइनवर आहे ती लाइन नकाशावर धरून बाहेर बाहेर जा, एस्लिंगन, लुडविग्सबुर्ग, ब्योब्लिंगन, वाइब्लिंगन, आणखी पुढे गेलात तर स्पर्धा कमी होते. डॉइचलँडटिकेट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास, मे २०२३ ला ४९ युरोला सुरू झालं, मग २०२५ ला ५८ आणि २०२६ ला ६३ झालं, पण तेच तिकीट लोकल, बस, ट्राम, रीजनल ट्रेन सगळीकडे चालतं, त्यामुळे चार स्टेशन लांब राहिल्याने प्रवासखर्च वाढत नाही. आपण मकरपुऱ्याला नोकरी म्हणजे जवळच घर असा विचार करतो, तो तिकडे सोडा.

जाहिरात वाचताना गोंधळ होतो तो असा. काल्टमीटे म्हणजे नुसतं घराचं भाडं. त्यावर नेबेनकोस्टेन, म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा, जिना सफाई वगैरे, दोन्ही मिळून वार्ममीटे. नेबेनकोस्टेन हा अॅडव्हान्स असतो, वर्षाचा हिशोब नंतर येतो, मालकाला तो पाठवायला वर्ष संपल्यापासून बारा महिने मुदत असते, आणि त्यात कधी पैसे परत मिळतात कधी द्यावे लागतात. जाहिरातीत हा आकडा मुद्दाम कमी दाखवलेला असू शकतो म्हणून मागच्या वर्षीचा खर्च विचारायचा. लाइटचं कनेक्शन बहुतेक वेळा तुम्ही वेगळं घ्यायचं. इंटरनेट वेगळं. आणि टीव्ही असो नसो, घरामागे महिना १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीची फी, ते पत्र अनमेल्डुंगनंतर आपोआप येतं, घाबरू नका, फसवणूक नाहीये ती.

दोन खोल्यांचं घर म्हणजे आपलं वन बीएचके, हॉल मोजतात, किचन-बाथरूम मोजत नाहीत, म्हणजे तुम्हाला मुलीसकट तीन खोल्यांचं बघावं लागेल, पहिल्या वर्षी दोनचंही चालून जातं. चौरस मीटरला १०.७६ ने गुणलं की स्क्वेअर फूट, ६२ मीटर म्हणजे साधारण ६६७ फूट, पण हे खरं आतलं क्षेत्रफळ असतं, आपल्या बिल्डरचं सुपर बिल्ट-अप नाही, बाल्कनी सहसा पावच मोजतात. त्यामुळे ऐकायला लहान वाटलं तरी घर तेवढं लहान नसतं.

आणि किचन. हे बघून आपल्याकडच्या बायका अक्षरशः दारात उभ्या राहतात. बऱ्याच घरांत किचन म्हणजे रिकामी खोली, भिंतीतून पाण्याचा पाइप बाहेर आलेला, एक जाडी वायर, बस. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. छताला दिवेही नाहीत, नुसत्या वायरी लोंबतात. आधीचा भाडेकरू सगळं उचलून नेतो किंवा तुम्हाला विकतो. विकत असेल तर घासाघीस करा, पण घ्या, कारण नवीन किचन बसवायला माणूस मिळेपर्यंत आठवडे जातात. जाहिरातीत आइनबाउक्युशे असं लिहिलं असेल तर किचन बसवलेलं आहे. वर्षा-दोन वर्षांत परत यायचा विचार असेल तर तेच शोधा, भाडं थोडं जास्त असलं तरी.

दलाली. १ जून २०१५ पासून नियम असा आहे की ज्याने दलाल बोलावला त्याने पैसे द्यायचे. मालकाने बोलावलेला असेल, आणि बहुतेक वेळा तसंच असतं, तर तुम्ही शून्य. तुम्ही स्वतः लेखी देऊन नेमलात तरच तुमच्याकडून, तेही जास्तीत जास्त दोन महिन्यांचं काल्टमीटे अधिक टॅक्स. घर दाखवायची फी, कराराची फी असं कोणी मागितलं तर निघून या.

डिपॉझिट कायद्याने तीन काल्टमीटेच्या वर नाही, आणि तुम्हाला ते तीन समान हप्त्यांत भरायचा हक्क आहे, पहिला हप्ता घर ताब्यात आल्यावर. मालकाने ते स्वतःच्या पैशापासून वेगळं ठेवायचं असतं. म्हणजे ९०० च्या घराला २,७०० युरो, हे पैसे वेगळे काढून ठेवूनच विमानात बसा. करारात दोन ठिकाणी बोट ठेवून वाचा. एक, किती काळ घर सोडता येणार नाही असं काही लिहिलंय का, चार वर्षांपर्यंत तशी अट घालता येते आणि प्रोबेशनमधल्या माणसाने ती मान्य करू नये, एक वर्षावर आणा. दोन, भाडंवाढ कशी, ठरलेल्या आकड्यांनी की महागाईला जोडून. सोडताना तीन महिन्यांची नोटीस, कागदावर सही करून, महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मालकाच्या हातात पडली तरच तो महिना धरतात. ईमेल, व्हॉट्सअॅप चालत नाही. शंका असेल तर गावातल्या भाडेकरू संघाचं, मीटरफेराइनचं सभासदत्व घ्या, वर्षाची फी किरकोळ आहे आणि वकिलाचा सल्ला त्यातच मिळतो.

ताबा घेताना मीटरचे आकडे, प्रत्येक भिंतीचा ओरखडा, खिडकीची मूठ, सगळ्याचे फोटो आणि दोघांची सही असलेला कागद. यात भिडस्तपणा करायचा नाही. तिकडच्या मालकाला उलट बरं वाटतं.

राहायला गेल्यावर शेजाऱ्यांच्या तक्रारी कशावरून येतात ते सांगते, कारण पुढच्या घरासाठी याच मालकाचं पत्र लागणार. स्टुटगार्टच्या भागात केरवोखे नावाची पद्धत आहे, आळीपाळीने एकेका घराने आठवडाभर जिना आणि समोरचा रस्ता झाडायचा, तुमची पाळी आली की दाराला पाटी अडकवतात. केलं नाही तर कोणी भांडणार नाही, पण वरच्या मजल्यावरची आजी कायमची लक्षात ठेवते. रात्री दहा नंतर आणि रविवारी दिवसभर आवाज नको, ड्रिल तर नाहीच, नवरात्रीत दीड वाजता गरब्याहून घरी येऊन पोरांबरोबर टाळ्या पिटायची सवय असलेल्यांना हे जड जातं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट वाफ. आपण दोन वेळा भात-डाळ-भाजी करतो, कुकर, फोडणी, वरून थंडीत घरातच कपडे वाळत घालतो, खिडक्या घट्ट बंद, मग कोपऱ्यात काळी बुरशी येते आणि डिपॉझिटमधून पैसे कापतात. थंडीतही दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा बदलायची, करारातही हे लिहिलेलं असतं. खिडकी दिवसभर थोडीशी तिरकी उघडून ठेवणं वेगळं, त्याने घर नुसतं गार पडतं.

कुटुंबाचं म्हणाल तर बायको-मुलीची तिकिटं खऱ्या घराची किल्ली हातात आल्यावरच काढा, वेगेच्या एका खोलीत तिघं राहायला मालक परवानगी देणार नाही. मुलीच्या किंडरगार्टनचं नाव मात्र पत्ता नक्की झाला त्याच आठवड्यात नगरपालिकेत टाका, तिथली वेटिंग लिस्ट घरापेक्षा लांब असते.

तर या आठवड्यात तुम्ही करायचं एवढंच: त्या लंडनवाल्याला ब्लॉक, एचआरला मेल, इथल्या मालकाकडून पत्र, आणि अनमेल्डुंग होईल अशी दोन-तीन महिन्यांची खोली. बॅगेत कुकर न्यायचा असेल तर बुडाला इंडक्शन चालणारा घ्या, तिकडे बऱ्याच घरांत गॅसच नसतो. मिक्सरला व्होल्टेजचा प्रश्न नाही, २३० च आहे, फक्त आपली तीन गोल पिनांची प्लग तिथे बसत नाही, दोन-तीन अडॅप्टर मंगळबाजारातून घेऊन टाका, तिकडे तेच चौपट किमतीला मिळतात. जॉइनिंगची तारीख आणि कंपनी कुठल्या स्टेशनजवळ आहे ते खाली लिहिलंत तर कुठली गावं बघायची ते सांगते.